अपघातग्रस्तांचा हक्क आणि आपले अज्ञान

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावणातल्या एका दुपारी सौंसरजवळच्या खेड्यातील एक भगिनी हातात कापडी पिशवी घेऊन आमच्या दारी आली. तिचा नवरा संत्र्याच्या बागांत तोडणीचे आणि पेट्या गाडीत चढविण्याचे काम करीत असे. होळीच्या सुमारास संध्याकाळी तो मोटारसायकलवरून घरी परतत असता मागून आलेल्या एका मालवाहू गाडीने त्याला उडविले. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. नागपूरच्या रुग्णालयात दोन शस्त्रक्रिया झाल्या, घरातील दोन बकऱ्या व अंगावरचे डोरले विकले गेले, आणि तरीही पाय पूर्ववत झाला नाही.

अपघातानंतर पाचव्या दिवशी गाडीमालकाचा माणूस रुग्णालयात आला होता. त्याने वीस हजार रुपये मोजून दिले आणि एका टंकलिखित कागदावर या बाईचा अंगठा घेतला. तो कागद तिने पिशवीतून काढून आमच्यापुढे ठेवला व विचारले, "फादर, माझा माणूस नोकरीत कुठं होता? मग ह्यांनी राजीनामा कशाचा लिहून घेतला?"

आम्ही तो कागद वाचला. मराठी माणूस 'राजीनामा' म्हणतो तेव्हा त्याला नोकरी सोडल्याचे पत्र अभिप्रेत असते. आपल्या प्रांतातील हिंदी कचेऱ्यांत मात्र त्याच शब्दाचा अर्थ तडजोडपत्र असा होतो. 'आम्हांस संपूर्ण नुकसानभरपाई मिळाली असून आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही' अशा आशयाच्या मजकुराखाली त्या बाईचा अंगठा उमटला होता. कमावत्या पुरुषाच्या पायाचे मोल वीस हजार रुपये ठरले होते आणि ते ठरविताना तिला कोणी एका शब्दानेही विचारले नव्हते.

हे अज्ञान त्या एकटीचे नाही. नागपूरहून सावनेरमार्गे सौंसर व छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता आणि पांढुर्ण्यावरून बैतुलकडे जाणारा महामार्ग या दोन्ही रस्त्यांच्या कडेने आपली वस्ती पसरली आहे. ज्या घरातील कोणी या रस्त्यांवर जखमी झाला नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. म्हणून दुखापतीच्या भरपाईसंबंधी कायदा काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

भरपाई म्हणजे दान नव्हे

भरपाई मागणे म्हणजे दुसऱ्याच्या संकटात पैसा उकळणे, अशी एक समजूत आमच्या साध्याभोळ्या लोकांत आहे. "देवाने वाचविले, आता कोर्टकचेरी कशाला?" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्यामागील सोशिकपणाचा आम्ही आदर करतो, परंतु त्यातील विचार बरोबर नाही. पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात असा नियम दिला आहे की, भांडणात एकाने दुसऱ्यास दगडाने किंवा मुठीने मारले आणि तो न मरता अंथरुणास खिळला, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी व तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याच्या उपचारांची तजवीज करावी. बुडालेली कमाई आणि उपचारांचा खर्च ही दोन्ही कलमे आजही न्यायालयाच्या हिशेबात सर्वांत वर असतात. ज्याच्या हातून नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे, हा न्याय आहे. यात सूड नाही आणि याचनाही नाही.

शिवाय बहुतेक वेळा हा पैसा गाडीमालकाच्या घरातून जात नाही. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा तृतीय पक्षासाठी विमा असलाच पाहिजे, असे मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. तृतीय पक्ष म्हणजे वाहनाच्या धडकेने ज्याचे नुकसान झाले तो परका मनुष्य. त्याच्यासाठीच मालकाने विम्याचा हप्ता भरलेला असतो. तो हक्क न मागितल्याने कोणा गरिबाचे भले होत नाही, लाभ विमा कंपनीचा मात्र होतो.

चूक कोणाची?

आता पहिला प्रश्न दोषाचा. मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमाखाली भरपाई मागताना समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तथापि फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा येथे लागत नाही. घटना अशीच घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दिसून आले तरी पुरते. म्हणूनच चालक फौजदारी न्यायालयात सुटला तरी केवळ त्या कारणाने भरपाईचा दावा बुडत नाही. जखमी माणसाचीही काही चूक असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. मोटारसायकलवर तिघे बसणे हा नियमभंग आहेच, परंतु त्या तिसऱ्या माणसामुळेच अपघात घडला वा दुखापत वाढली असे दिसल्याशिवाय केवळ तेवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे.

दोषाचा हा विचार आमच्या वाचकांना पांढुर्ण्याच्या गोटमारीवरून चटकन समजेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा व सावरगाव येथील मंडळी एकमेकांवर दगड फेकतात. मध्ये रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंडा हाती यावा म्हणून डोकी फुटतात, हातपाय मोडतात, आणि क्वचित प्राणही गेले आहेत. त्या जखमींनी भरपाई कोणाकडे मागावी? दगड कोणाच्या हातून सुटला हे कोणास ठाऊक नाही, त्यावर विमा नाही, आणि जखमी मनुष्य स्वतःच्या पायांनी त्या रणात उतरलेला असतो. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याची तक्रार न्यायालयात टिकणे फार कठीण. याउलट रस्त्याच्या कडेने घरी जाणाऱ्या मजुराने कसलाच धोका पत्करलेला नसतो. धोका त्याच्यावर येऊन आदळतो.

दोष सिद्ध करणे ज्यांना अशक्य होते त्यांचे काय, हा प्रश्न आपल्या देशात दीर्घकाळ रेंगाळला. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दोष न पाहता मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची सोय प्रथम झाली. आज १६४ व्या कलमाखाली, दोष सिद्ध न करता, मृत्यूबद्दल ५ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ठोकर मारून गाडी पळून गेली व तिचा पत्ताच लागला नाही, तर १६१ व्या कलमाखालील योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठीचा अर्ज एसडीएम किंवा तहसीलदार यांच्याकडे, दावा चौकशी अधिकारी या नात्याने, करावयाचा असतो. गाडीचा क्रमांक मिळाला नाही म्हणून हात जोडून घरी बसण्याचे कारण नाही.

ट्रॉलीत बसण्यापूर्वी

येथे आम्हांस एक कळकळीची सूचना करावयाची आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेचे भाविक, बागेतील मजूर अशा सर्वांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालाच्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसवून नेण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता आणि पिकअपचा मालापुरता असतो. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात दिला आहे आणि २००४ साली ट्रॅक्टर-ट्रॉलीतील प्रवाशाबाबतही तोच विचार मांडला आहे. मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यास संरक्षण आहे, वऱ्हाड्यास नाही. काही प्रकरणांत न्यायालयांनी 'कंपनीने आधी द्यावे व मागाहून मालकाकडून वसूल करावे' असे आदेश दिले आहेत हे खरे. पण त्यावर विसंबून कोणी पोराबाळांसह ट्रॉलीत चढू नये. ट्रॉली उलटल्यावर हुकूम मिळतो तो मालकाविरुद्ध, आणि मालकापाशी पुष्कळदा कर्जात बुडालेल्या त्या ट्रॅक्टरशिवाय दुसरे काही नसते.

पायाचे मोल कसे ठरते?

न्यायाधीश मनाला येईल तो आकडा सांगतात, असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. दुखापतीच्या दाव्यात काय काय मोजावे हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या राजकुमार खटल्यात सविस्तर सांगितले आहे. उपचार, औषधे, येण्याजाण्याचा खर्च व पौष्टिक आहार, अंथरुणावर असताना बुडालेली मजुरी, कायमच्या अपंगत्वाने पुढील आयुष्यात घटणारी कमाई, पुढे लागणारे उपचार, सोसलेल्या वेदना, आणि जीवनातील जे साधे सुख हिरावले गेले त्याचा मोबदला, अशी ती कलमे आहेत.

यांतील कमाईचे कलम नीट समजून घेतले पाहिजे. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतील घट ही एकच गोष्ट नव्हे. डावा हात गमावलेला कारकून कदाचित आपली नोकरी टिकवील, पण तोच हात गमावलेला सुतार किंवा चालक कामातून पुरता उठेल. म्हणून जखमी माणसाचे काम काय होते, त्यात तो अवयव किती लागत होता, हे न्यायालयापुढे स्पष्ट सांगावे लागते. संत्र्याच्या झाडाला शिडी लावून चढणाऱ्याचा पाय हा त्याचा संसार असतो.

समजा, एका मजुराचे वय ३२ असून त्याची महिन्याची कमाई ९,००० रुपये सिद्ध झाली. वर्षाचे १,०८,००० रुपये झाले. चाळिशीच्या आतील स्वतंत्र कष्टकऱ्यास पुढील वाढीपोटी ४० टक्के अधिक धरतात, हे प्रमाण २०१७ सालच्या प्रणय सेठी निर्णयात ठरले आहे. म्हणजे १,५१,२०० रुपये. कमाईतील घट ४० टक्के मानली तर वर्षाचे नुकसान ६०,४८० रुपये. यास वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. २००९ सालच्या सरला वर्मा निर्णयातील कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ वर्षे वयास १६ हा गुणक आहे. गुणाकार ९,६७,६८० रुपये येतो, आणि त्यात उपचार, वेदना इत्यादी कलमे अजून धरावयाचीच आहेत. आता वाचकांनी त्या वीस हजारांच्या राजीनाम्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

ज्या स्त्रिया मजुरीस न जाता घर सांभाळतात त्यांच्या श्रमांनाही न्यायालये मोल देतात. "मी काही कमवीत नव्हते" असे म्हणून कोणाही गृहिणीने आपला हक्क सोडू नये.

पहिल्या आठ दिवसांतील कागद

वरील सारा हिशेब कागदांवर उभा असतो, आणि ते कागद नेमके अशा दिवसांत जमवावे लागतात जेव्हा घरच्यांचे चित्त थाऱ्यावर नसते. आमच्या सीमेवरील लोकांची यात एक विशेष अडचण आहे. १९५६ सालापर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्ये नव्याने आखली गेली आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. परंतु गंभीर रुग्णाचा रस्ता आजही नागपूरकडेच जातो. अपघात या राज्यात आणि उपचार त्या राज्यात. पोलिसांचे कागद हिंदीत, इस्पितळाचे इंग्रजीत, आणि ज्याला ते सांभाळावयाचे त्याची भाषा मराठी! या तिहेरी गोंधळात पहिली खबर कोणी, कोठे द्यावयाची हेच ठरत नाही.

म्हणून घरातील एका शहाण्या माणसाने पुढील कामे आपल्या अंगावर घ्यावीत. अपघाताची खबर ताबडतोब ठाण्यात द्यावी. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवू लागल्यास, हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची खबर नोंदवून घेतलीच पाहिजे असे आजचा कायदा सांगतो हे नम्रपणे परंतु ठामपणे सांगावे. खबरेची प्रत मागून घ्यावी, ती विनामूल्य मिळते. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव व विम्याची माहिती लिहून ठेवावी. रुग्णालयात 'रस्ता अपघात' अशी नोंद झाली आहे ना हे पाहावे, कारण 'घरात पडला' असे कोणी सांगून बसल्यास पुढे तो शब्द पुसणे कठीण जाते. प्रत्येक औषधाचे बिल रुग्णाच्या नावे घ्यावे. क्ष-किरण चित्रे, सुटीचे पत्रक, रुग्णवाहिकेची पावती यांतले काही टाकू नये. पुढे अपंगत्व राहिल्यास त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. मजुरीची नोंद नसेल तर ज्याच्याकडे काम होते त्या बागाईतदाराची साक्ष उपयोगी पडते. आणि वाचता न येणाऱ्या कागदावर सही वा अंगठा मुळीच देऊ नये.

उपचारांच्या पैशांसाठी आता एक नवी सोय झाली आहे. २०२५ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारने लागू केलेल्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीस नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात पाऊल ठेवताच याची चौकशी करावी.

तसेच जखमीस उचलून नेणाऱ्याने पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती बाळगू नये. कायद्याच्या १३४-अ कलमाने अशा साहाय्यकर्त्यास संरक्षण दिले आहे आणि त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. इंग्रजी कायद्याने त्या मनुष्यास शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचेच नाव दिले आहे, हे ऐकून आमच्या वाचकांस संतोष वाटेल. त्या शोमरोन्याने जखमीच्या घावांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याला उतारशाळेत पोहोचविले, दोन नाणी भरली, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन अशी हमीही दिली. जखमीला नुसते उचलून भागत नाही, त्याच्या खर्चाचीही काळजी कोणीतरी वाहावी लागते, हे त्याने ओळखले होते.

कोणत्या दारी जावे?

रस्ता अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तो अपघाताच्या जागीच दाखल केला पाहिजे असे नाही. दावेदार जेथे राहतो वा धंदा करतो तेथील, किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. नागपूर जिल्ह्यात अपघात झाला म्हणून सौंसरच्या माणसाने प्रत्येक तारखेस महाराष्ट्रात खेटे घालण्याची गरज नाही. पोलिसांनी पाठविलेला अपघाताचा अहवालही अर्ज म्हणून धरता येतो, पण त्याची वाट पाहत बसू नये. १ एप्रिल २०२२ पासून दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती प्रत्येकाने पाळावी हे उत्तम. खबर देण्यास योग्य कारणाने उशीर झाला असेल तर केवळ तेवढ्याने दावा नाकारू नये, असे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. न्यायाधिकरणाचा निर्णय मान्य नसल्यास आपल्या भागातून अपील जबलपूरच्या उच्च न्यायालयात जाते.

वकिलाच्या खर्चाचे भय अनेकांस वाटते. विधिसेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व कारखान्यांतील कामगार यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. इतर गरिबांसही उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करून माहिती विचारता येते. 'मिळालेल्या रकमेतला चौथा हिस्सा माझा' असा करार अमेरिकेतील वकील उघडपणे करतात. आपल्याकडे मात्र वकिलांच्या आचारनियमांनी त्यास मनाई केली आहे. असा सौदा कोणी पुढे केल्यास तो स्वीकारू नये. लोकअदालतीत तडजोड लवकर होते हे खरे, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही. तेव्हा आपला हिशेब काय येतो हे समजून घेतल्यावरच 'होय' म्हणावे.

कामावर झालेल्या दुखापतीचा मार्ग वेगळा आहे. कामामुळे व काम करीत असताना इजा झाल्यास मालकाचा दोष न शोधता भरपाई देण्याचा नियम १९२३ च्या कायद्याने घातला. ट्रॅक्टर वा विजेच्या यंत्रांनी चालणाऱ्या शेतीतील मजूरही त्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या विषयाची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. बोरगावच्या कारखान्यांत वा मळणी यंत्रावर राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रेल्वेतून पडून झालेल्या इजेसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण स्वतंत्र आहे.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, हे सांगून आम्ही हा लेख आटोपता घेतो. ती आली तेव्हा पाचवा महिना चालू होता. विधिसेवेच्या वकिलाकडून मुदतीत दावा दाखल झाला. कशावर अंगठा देत आहोत हे तिला कळले नव्हते, हे न्यायाधिकरणाने मानले. खबर उशिराची असूनही ग्राह्य धरली गेली आणि भरपाईचा हुकूम झाला. घेतलेले वीस हजार त्यातून वजा झाले. रकमेचा मोठा भाग बँकेत मुदतठेव म्हणून ठेवण्यात आला. अशिक्षितांचा पैसा कोणी लुबाडू नये म्हणून न्यायालये असे करतात, आणि सुरुवातीस तिला ते रुचले नसले तरी आज तिच्या मुलीचे शिक्षण त्याच व्याजावर चालले आहे.

परंतु तिने औषधांवर जो खर्च केला त्याचा निम्म्याहून अधिक भाग सिद्ध करता आला नाही. बिले रुग्णालयाच्या ओसरीत राहिली, काही पावसात भिजली, काहींवर कोणाचेच नाव नव्हते. तेवढे पैसे तिला कोणताही न्यायाधीश देऊ शकला नाही.

तिचा नवरा आता शिडीवर चढत नाही. बागेत बसून तो पेट्या मोजतो. ती मात्र गावात कोणी जखमी झाल्याचे कळताच आपली ती कापडी पिशवी घेऊन त्या घरी जाते, आणि रडणाऱ्या बायांना आधी पाणी देऊन मग सांगते, "ही पिशवी घ्या बाई, अन् एकेक कागद हिच्यात टाकत जा."